सणाची खरेदी आणि न्यायाचा प्रश्न : अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे व्यवसाय



आजचा विषय वरवर पाहता बाजाराचा आहे, तत्त्वज्ञानाचा नाही. अमेरिकेत दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की एक आवाहन ऐकू येतं : यंदाची सणाची खरेदी कृष्णवर्णीयांच्या दुकानांतून करा. आपल्यापैकी पुष्कळांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्यांच्याही कानांवर हे पडत असणार. मग एक साधा प्रश्न उभा राहतो. दुकानात गेल्यावर माल बघायचा की मालकाचा वर्ण? वर्ण बघून व्यवहार करू नये, हे तर आपण लहानपणापासून शिकलो. मग हे आवाहन त्या शिकवणीच्या विरुद्ध जातं की तिलाच पुढे नेतं? आज आपण एवढ्या एकाच प्रश्नाची उकल करू.

आधी हा हंगाम समजून घेऊ. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग. दुसऱ्या दिवशी 'ब्लॅक फ्रायडे', म्हणजे सवलतींची झुंबड. या नावाचा माणसाच्या वर्णाशी संबंध नाही, हे आताच सांगितलेलं बरं. शनिवारी 'स्मॉल बिझनेस सॅटर्डे', जो अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने २०१० मध्ये सुरू केला. पुढे नाताळ. आणि २६ डिसेंबर ते १ जानेवारी क्वांझा. वर्षभरातल्या किरकोळ विक्रीचा साधारण पाचवा हिस्सा नोव्हेंबर आणि डिसेंबर या दोन महिन्यांत होतो. आपल्याकडे दसरा-दिवाळीत कापडवाला जशी वर्षाची बेगमी करतो, तसंच हे. लहान दुकानदाराचे हे दोन महिने बुडाले की त्याचं वर्षच बुडालं.

आता आकडे पाहू. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे १४ टक्के आहेत. पण पगारी नोकर ठेवणाऱ्या उद्योगांपैकी त्यांच्या मालकीचे उद्योग जेमतेम ३ टक्के. ही तफावत कुठून आली? कुणी म्हणेल, त्यांना धंद्याची आवड नसेल. हे उत्तर आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडेही काही जातींबद्दल असंच बोललं जातं. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

धंदा उभा करायला भांडवल लागतं, आणि सामान्य माणसाचं भांडवल तीन ठिकाणांहून येतं : स्वतःची बचत, घर गहाण ठेवून काढलेलं कर्ज, किंवा आधीच चालू असलेला घरचा धंदा. तिन्ही ठिकाणी काय घडलं ते बघा.

बचत. गुलामगिरी संपत असताना १८६५ मध्ये फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. नुकतेच मुक्त झालेले लोक तिच्यात पैसा-पैसा ठेवू लागले. संचालकांनी तो पैसा सट्टेबाजीत आणि बुडीत कर्जांत घातला. शेवटच्या काही महिन्यांत फ्रेडरिक डग्लस यांच्यासारख्या आदरणीय माणसाला अध्यक्ष केलं, पण तोवर आतून सगळं पोखरलेलं होतं. १८७४ मध्ये बँक बंद पडली. साठ हजारांहून जास्त ठेवीदारांचे जवळपास तीस लाख डॉलर अडकले, आणि अनेकांना त्यातलं काहीच परत मिळालं नाही.

चालता धंदा. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातली ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती. हॉटेलं, नाट्यगृहं, दवाखाने, वर्तमानपत्रं, सगळं तिथे होतं. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने सुमारे पस्तीस चौक-गल्ल्यांचा हा भाग जाळून टाकला. विमा होता, पण दंगलीतलं नुकसान भरून देत नाही या कलमावर बोट ठेवून दावे नाकारले गेले.

घर. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्जाला धोक्याच्या. कर्ज नाही म्हणजे घर नाही, आणि घर नाही म्हणजे गहाण ठेवायला काही नाही. त्या लाल रेघेचे परिणाम नातवंडांपर्यंत पोचले.

तेव्हा ३ टक्क्यांचा आकडा हा आवडीनिवडीचा निकाल नाही. त्यात लुटलेल्या, बुडालेल्या आणि नाकारलेल्या भांडवलाची बेरीज आहे.

या परिस्थितीत, ज्यांच्या हाती ना सत्ता ना भांडवल, त्यांच्याकडे एक गोष्ट उरली होती : रोजच्या खरेदीचा पैसा. तो दोन प्रकारे वापरता येतो. रोखून धरता येतो, किंवा वळवता येतो.

रोखून धरण्याची परंपरा मोठी आहे. १९३० च्या दशकात शिकागो, हार्लेम, वॉशिंग्टन इथे एक मोहीम चालली. तिचा मथितार्थ असा, की जिथे तुम्हाला नोकरी देत नाहीत तिथे खरेदी करू नका. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९३८ मध्ये न्यायालयाने अशा निदर्शनांना कामगार तंट्याचं कायदेशीर संरक्षण दिलं. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आंदोलकांनी दुकानांवरच्या बहिष्कारासाठी ईस्टरचा हंगाम मुद्दाम निवडला, कारण नाताळ सोडला तर खरेदीचा मोठा काळ तोच. सण आणि आंदोलन यांची सांगड ही आजची कल्पना नाही, हे ध्यानात घ्या.

वळवण्याची परंपराही जुनी आहे. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०० मध्ये नॅशनल निग्रो बिझनेस लीग स्थापन केली. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ च्या मेम्फिसमधल्या अखेरच्या भाषणात लोकांना काय सांगितलं? स्वप्नांबरोबर व्यवहारही सांगितला : आपला पैसा कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या ट्राय-स्टेट बँकेत ठेवा, त्यांच्याच कंपन्यांचा विमा घ्या. त्याच वर्षी शिकागोत जेसी जॅक्सन यांच्या 'ऑपरेशन ब्रेडबास्केट'ने 'ब्लॅक ख्रिसमस' साजरा केला. त्यात गोऱ्या सांताक्लॉजऐवजी 'सोल सेंट' आला, तोही उत्तर नव्हे तर दक्षिण ध्रुवावरून! गंमत वाटते ना? पण मुलांना भेट देणारा हात नेहमी गोराच का, असा त्यामागचा प्रश्न होता.

क्वांझाचंही तसंच. मौलाना करेंगा यांनी १९६६ मध्ये हा सण सुरू केला. त्याच्या सात तत्त्वांपैकी चौथं 'उजामा'. शब्द स्वाहिली, टांझानियाच्या न्येरेरे यांनी आपल्या समाजवादाला तोच शब्द वापरला. क्वांझात त्याचा अर्थ सहकारी अर्थव्यवहार : आपली दुकानं आपण उभी करायची आणि चालवायची. म्हणजे सणाच्या मुळातच दुकानाचा विचार आहे.

आता आक्षेपांकडे वळू. आवाहन चांगल्या हेतूचं आहे म्हणून त्याला प्रश्न विचारायचे नाहीत, असं आम्ही मानत नाही.

पहिला आक्षेप : हा उलटा वर्णभेदच नव्हे काय? ॲरिस्टॉटलने न्यायाचे दोन प्रकार वेगळे केले. एक वाटपाचा न्याय, कुणाला किती मिळावं याचा. दुसरा परिमार्जनाचा, बिघडलेलं बरोबर करण्याचा. तराजूचं एक पारडं कुणी दाबून धरलं असेल, तर नुसतं 'आता मी कुणालाच हात लावणार नाही' म्हणून तराजू सरळ होत नाही. आणखी एक भेद कांटचा. काही कर्तव्यं पूर्ण असतात : कुणाला फसवू नये, त्यात सवलत नाही. काही अपूर्ण असतात : दुसऱ्याला साहाय्य करावं, पण कुणाला, कधी, किती, हे आपण ठरवतो. भेटवस्तूची खरेदी या दुसऱ्या क्षेत्रात येते. माझ्या दोनशे डॉलरवर कोणत्याच दुकानदाराचा हक्क नाही. ते अमुक दुकानात गेले म्हणून दुसऱ्यावर अन्याय होत नाही.

इथे एक कसोटी लावून पाहावी. आपलं कारण शेजारच्या गोऱ्या दुकानदाराला तोंडावर सांगता येईल का? 'या दुकानाला पिढ्यान् पिढ्या कर्ज नाकारलं गेलं, म्हणून यंदा इथून घेतोय' हे मान वर करून सांगता येतं. 'तुमच्या हातचं नको' हे सांगता येत नाही, कारण त्यात तिरस्कार आहे. पहिलं परिमार्जन, दुसरं विटाळ. आणि विटाळ म्हणजे काय, ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको.

कायदा या भेदाशी अजून झगडतो आहे. अटलांटातला फिअरलेस फंड कृष्णवर्णीय महिलांच्या व्यवसायांना वीस हजार डॉलरचं अनुदान देत असे. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला आणि पुढे तडजोडीत ती योजना बंद झाली. आधार कोणत्या कायद्याचा घेतला? १८६६ च्या नागरी हक्क कायद्याचा, जो मुक्त झालेल्या गुलामांना करार करण्याचा समान हक्क मिळावा म्हणून झाला होता! संस्थेच्या अनुदानावर असं बंधन येऊ शकतं. ग्राहकाने कुठल्या दुकानाची पायरी चढावी, हा त्या खटल्यातला प्रश्न नव्हता. म्हणूनच साध्या ग्राहकाच्या निवडीला आज अधिक वजन आलं आहे.

दुसरा आक्षेप घरातूनच आला. ई. फ्रँकलिन फ्रेझियर हे कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ. 'ब्लॅक बुर्झ्वा' या पुस्तकात त्यांनी म्हटलं, की कृष्णवर्णीयांच्या धंद्यातून समाजाची मुक्ती होईल ही एक भ्रामक समजूत आहे. चार दुकानदार वर येतील, बाकी कष्टकरी तिथेच राहतील. मेहरसा बरादरन यांनी अलीकडे बँकांच्या इतिहासातून हेच वेगळ्या तऱ्हेने दाखवलं : गरीब वस्तीतल्या गरिबांच्या ठेवींवर भांडवल साचत नाही. हा आक्षेप आम्हाला खरा वाटतो. पण त्यातून काय निघतं? खरेदी हे धोरणाला पर्याय नाही, एवढंच. खरेदी निरर्थक आहे, असं निघत नाही. औषध पुरेसं नाही म्हणून जेवण बंद करत नाहीत.

तिसरा आक्षेप मालकीचा. केसांच्या उत्पादनांचा 'कॅरल्स डॉटर' हा ब्रँड २०१४ मध्ये लॉरेआलकडे गेला. 'शी-मॉइश्चर'ची कंपनी २०१७ मध्ये युनिलिव्हरकडे. मग आपण नक्की कुणाला आधार देतो? पण कंपनी चांगल्या किमतीला विकता येणं हेही भांडवल कमावणंच. गोरा उद्योजक विकतो तेव्हा आपण त्याला हुशार म्हणतो. कृष्णवर्णीयाने विकलं की फितूर म्हणायचं, हा न्याय नव्हे.

आणि खरी कोंडी २०२५ मध्ये दिसली. टार्गेट या दुकानसाखळीने आपले विविधतेचे कार्यक्रम मागे घेतले, तेव्हा बहिष्काराची हाक आली. पण त्याच दुकानांच्या फळ्यांवर कृष्णवर्णीय उद्योजकांचा माल होता. आमचा माल तिथे पडून राहिला तर आमचंच नुकसान, असं त्यांच्यापैकी काहींनी सांगितलं. रोखणं आणि वळवणं एकमेकांच्या आड आलं. यावर एक व्यवहार्य वाट आहे : तोच माल उद्योजकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यायचा. साखळीला जाणारा वाटाही त्याच्याच गल्ल्यात पडतो.

यातूनच काही व्यवहाराच्या गोष्टी निघतात, त्या भराभर सांगू. लहान विक्रेत्याकडे मोठी गोदामं नसतात. म्हणून मागणी लवकर नोंदवावी. घासाघीस करू नये. मोठ्या साखळीइतकी सवलत त्याला परवडत नाही. गिफ्ट कार्ड घ्यावं. माल नंतर जातो, रोकड आज येते. माल आवडला तर चार ओळींचा अभिप्राय लिहावा. नव्या गिऱ्हाइकाचा विश्वास त्यावरच बसतो. माल वाईट निघाला तर सभ्यपणे तेही सांगावं. दया म्हणून गप्प राहणं म्हणजे त्या माणसाला व्यावसायिक न मानणं. आणि जानेवारीत पुन्हा जावं. सणापुरती आठवण ही ओवाळणी झाली. धंदा चालतो तो नेहमीच्या गिऱ्हाइकावर.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. तिथली मुक्ती हा इथल्या शूद्रातिशूद्रांचाही विषय आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. तिकडे राहणाऱ्या मराठी माणसाला तर आणखी एक कारण आहे. १९६५ च्या ज्या कायद्याने आशियाई लोकांना अमेरिकेची दारं खऱ्या अर्थाने उघडली, तो नागरी हक्कांच्या चळवळीने तापवलेल्या वातावरणातच झाला. त्या चळवळीचा खर्च ज्यांनी सोसला, त्यांच्या दुकानात जाणं हे उपकार नव्हेत.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाला उत्तर असं : माल जरूर बघावा, पण त्या मालाला फळीपर्यंत यायला किती दारं बंद होती, हेही बघावं. दोन्ही बघून केलेली निवड ही वर्णभेदाची नव्हे, विवेकाची.

इथेच थांबू.