बंबाच्या पोटातले पाणी

‘बंब’ या शब्दाने मराठी माणसापुढे दोन वस्तू उभ्या राहतात. एक न्हाणीघरातला, पाणी तापवणारा तांब्याचा बंब. दुसरा घंटा वाजवीत धावणारा आगीचा. पोर्तुगीज भाषेत ‘बाँबा’ म्हणजे पंप, त्यावरून हा शब्द आपल्याकडे आला असे मानतात. आगीच्या बंबाला हे नाव चपखल बसते. लाल रंग, शिडी आणि घंटा ही त्याची वरवरची ओळख झाली. त्याचा जीव पंपात असतो.

आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात धावणारा बंब म्हणजे मालमोटारीच्या चासीवर बसवलेली पाण्याची टाकी आणि पंप. टाकीत साधारण ४,५०० लिटर पाणी मावते. जुन्या जपानी बंबांची छायाचित्रे पाहताना मला म्हणूनच नवल वाटले. लांब नाकाची, उघड्या टपाची ती गाडी. कडेला दांडा धरून उभे राहिलेले जवान, वर शिडी आणि आकड्याच्या काठ्या, बाजूला वेटोळे घातलेली जाड काळी नळी. पाण्याची मोठी टाकी मात्र त्यांतल्या अनेक गाड्यांवर नसेच!

मग पाणी कोठून येई? ते गल्लीतच असे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात तोक्यो व योकोहामा येथील जलवाहिन्या फुटल्या, आगी पसरल्या आणि एक लाखाहून अधिक माणसे मेली. केवळ नळावर विसंबून चालणार नाही, हा धडा त्यातून मिळाला. पुढे तेथे वस्त्यावस्त्यांतून जमिनीखाली हौद बांधले गेले. आज अशा प्रमाणित हौदात ४०,००० लिटर पाणी मावते, म्हणजे आपल्या जवळजवळ नऊ बंबांचे!

त्या काळ्या नळीचा अर्थ आता कळतो. ती हौदात सोडायची आणि पाणी ओढून घ्यायचे. बंबाचा पंप गाडीच्याच इंजिनावर चालतो. पण त्यात हवा असेल, तर तो नुसताच फिरत राहतो. म्हणून आधी नळीतली हवा काढून टाकतात. मग बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. या ओढीने साधी नळी चपटी होईल, म्हणून ही नळी कडक असते. आगीवर पाणी सोडणारी नळी मात्र कापडी व मऊ असते. टाकीचे ओझे नसल्याने गाडी लहान करता येते आणि अरुंद गल्लीत शिरते.

आता आपला हिशेब पाहू. एका नळीतून मिनिटाला ४५० लिटर पाणी सोडले, तर ४,५०० लिटरची टाकी दहा मिनिटांत रिकामी होते. दोन नळ्या लावल्या, तर पाचच मिनिटांत. त्यानंतर दुसरा बंब किंवा टँकर येईपर्यंत जवानांच्या हाती काय उरते? शिवाय आपल्या कारखान्यांत तेल आणि रसायने असतात. पेटलेले तेल पाण्यावर तरंगत पसरते, तेथे फेसच लागतो.

काही आगी तर बंबाला वेळच देत नाहीत. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात, केकवर लावायच्या फुलझडीसारख्या मेणबत्त्या बनतात अशा ठिकाणी भडका उडाला आणि तेथे काम करणाऱ्या महिलांचे प्राण गेले. अशा ठिकाणी बंब कितीही वेगाने आला, तरी तो उशिराच येतो.

म्हणून बंब किती आहेत, एवढेच विचारून भागणार नाही. आगीपासून बचावाचा महाराष्ट्राचा कायदा २००६ चा आहे. इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालक व भोगवटादारावर टाकली आहे. दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये तसे प्रमाणपत्र द्यावे लागते. आपल्यापैकी अनेकांच्या घरची माणसे शेडमध्ये पाळीला जातात. त्यांनी आणि आपणही दोन प्रश्न विचारायला हवेत: येथला हौद भरलेला आहे काय? आणि बंब आत येईल एवढी वाट मोकळी आहे काय?

— द्वितीय वर्ष, कला