नखावरचा नेटका रंग

घरच्या घरी केलेल्या मॅनिक्युअरमध्ये, म्हणजे नखांची कापणी, घासणी, सफाई आणि रंगकाम या सगळ्या खटाटोपात, काम बिघडते ते बहुधा रंगाच्या टप्प्यावर, आणि त्याचे खापर थरथरणाऱ्या डाव्या हातावर फोडले जाते. वस्तुतः नेलपॉलिशचा नेटकेपणा हातापेक्षा वाळण्यावर अधिक अवलंबून असतो, आणि रंग वाळतो कसा हे समजण्यासाठी बाटलीत काय असते ते आधी पाहावे लागते.

नेलपॉलिशचा पापुद्रा ज्यापासून बनतो त्या नायट्रोसेल्युलोजचे मूळ कापसात किंवा लाकडाच्या लगद्यात आहे. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला चिकटून राहणारी आखूड लव, जिला लिंटर म्हणतात, ती शुद्ध करून तिच्यावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची प्रक्रिया केली की हा पदार्थ तयार होतो. शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये तो प्रथम पुढे आणला तेव्हा त्याची ख्याती स्फोटक म्हणून होती. नायट्रोजनचे प्रमाण कमी ठेवून त्याची फीत बनवता आली, आणि १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तो अशाच नायट्रेट फितीवरून. मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे आणि १०५ फुटी हनुमानमूर्तीमुळे महामार्गावरील प्रवाशांना ठाऊक असलेले नांदुरा हे कापसाच्याच मुलखात मोडते. शेजारच्या खामगावचा कापूस नेण्यासाठी १८७० मध्ये जलंबपासून स्वतंत्र रेल्वेफाटा टाकण्यात आला होता. त्यामुळे नांदुऱ्याच्या बाजारपेठेतील कटलरीच्या दुकानात मिळणारी लालभडक बाटली वाटते तितकी परकी नाही. तिच्यातील उरलेला ऐवज म्हणजे नायट्रोसेल्युलोज विरघळवणारी इथाइल व ब्युटाइल ॲसिटेट ही द्रावके, नखाला चिकटून राहण्यासाठी रेझीन, पापुद्रा लवचीक ठेवणारे द्रव्य आणि रंगद्रव्ये.

ही द्रावके उडून जाणे म्हणजेच नेलपॉलिशचे वाळणे होय. बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात, ज्यात नांदुरा येते, मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर सहज जातो, आणि अशा दुपारी वरचा थर झपाट्याने सुकून त्याची साय धरते, खालचे द्रावक मात्र अडकून पडते व बाहेर पडण्याच्या धडपडीत बारीक बुडबुडे उठवते. थर लवकर वाळावा म्हणून नखे भरधाव पंख्याखाली धरण्याने हाच दोष वाढतो. पावसाळ्यातला दोष याहून वेगळा आहे: द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर उतरते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. दिवाळीच्या सुमारास, पाऊस ओसरलेला आणि ऊन मवाळ झालेले असताना, या भागात नेलपॉलिशला हवा अधिक मानवते.

तरीही दिवाळीतच हा रंग सर्वांत जास्त बिघडतो, कारण तो लावला जातो अगदी अवेळी. नख हे केराटिन या प्रथिनाचे असून ते पाणी शोषून किंचित फुगते व सुकल्यावर पुन्हा आक्रसते. आक्रसणाऱ्या नखावरचा ताठ पापुद्रा कडेने सुटू लागतो. तेलाचा अंश राहिला तर रंग मुळात धरतच नाही. अभ्यंगस्नानात तेल आणि ऊन पाणी दोन्ही आल्यामुळे त्यानंतर लगेच रंग लावायला बसणे म्हणजे फुकटची मेहनत. उलट आदल्या रात्री उशिरा लावलेला रंग वरून कोरडा वाटला तरी आतून मऊच असतो आणि सकाळपर्यंत त्यावर चादरीची वीण उमटते. फराळाचे तळण संपल्यावर, धनत्रयोदशीच्या दुपारी, हात कोरडे होऊन बराच वेळ गेल्यावर हे काम करावे, आणि रांगोळीची चिमूट त्यानंतर काही तासांनीच हाती घ्यावी.

प्रत्यक्ष रंगकामात बाटली हलवण्याऐवजी दोन्ही तळव्यांमध्ये आडवी फिरवावी, कारण हलवल्याने हवा शिरते. नखावरून रिमूव्हरचा बोळा फिरवून तेलाचा अंश पुसला, की आधी बेसकोटचा, म्हणजे रंगाखालच्या पारदर्शक लेपाचा, पातळ हात द्यावा. गडद लाल रंगाने नख पिवळे पडते ते यामुळे बरेचसे टळते. कुंचल्याची एक बाजू बाटलीच्या तोंडाशी निपटून दुसऱ्या बाजूला छोटा थेंब ठेवावा, तो नखाच्या मधोमध, मुळापासून थोडा अलीकडे टेकवावा आणि कुंचला हलकेच दाबून मुळाकडे सरकवावा. केस पंख्यासारखे पसरले की क्यूटिकलपाशी, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या पातळ कातडीपाशी, केसभर फट सोडून तो टोकाकडे ओढून घ्यावा. मग डावी-उजवी बाजू एकेका ओढीत भरावी आणि शेवटी नखाच्या मोकळ्या कडेवरूनही कुंचला फिरवावा, कारण रंग उडायला सुरुवात तिथूनच होते. डाव्या हाताने रंगवताना कोपर टेबलावर टेकवून कुंचला स्थिर धरावा आणि रंगवायचे बोटच थोडे थोडे वळवावे. दोन पातळ थरांत काही मिनिटांचे अंतर राखले तर एका जाड थराहून काम कितीतरी सरस होते, आणि घाई करायचीच असेल तर रंगाचा नाद सोडून नुसती नखे स्वच्छ कापलेली बरी.

कातडीवर गेलेला रंग ओला असतानाच बोटाने पुसू नये, तो फिसकटतो. बारीक चपट्या कुंचल्याचे टोक ॲसिटोनमध्ये बुडवून, निथळून, नखाच्या कडेने फिरवले की रेघ स्वच्छ निघते. आधीच नखाभोवती व्हॅसलिनचा हात देण्याची युक्तीही चालते, पण ते नखावर चढले तर तिथला रंग धरत नाही. बाटलीतला रंग घट्ट झाल्यास त्यात रिमूव्हर ओतू नये, कारण त्यातील ॲसिटोन किंवा पाण्याने मिश्रणाचा मेळ बिघडतो. नेलपॉलिशचे थिनर याच कामासाठी वेगळे मिळते आणि त्याचे दोन-तीन थेंब पुरतात.

ॲसिटोन व नेलपॉलिशमधील द्रावके झटकन पेट घेतात आणि त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. म्हणून हे सारे काम देवघरातील समई, दारातील पणत्या आणि गॅसची शेगडी यांपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करावे, आणि रिमूव्हरचे भिजके बोळे फटाक्यांच्या पिशवीजवळ मुळीच ठेवू नयेत.