भागीदार की विश्वस्त?

धारावीच्या पुनर्विकासाची योजना राज्य सरकारने २००४ मध्ये मंजूर केली. त्यानंतर निविदा निघाल्या, रद्द झाल्या, सरकारे बदलली. अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये अदाणी समूहाची ५,०६९ कोटी रुपयांची बोली सर्वोच्च ठरली आणि पुढे संयुक्त कंपनी स्थापन झाली. तीत समूहाचा वाटा ८० टक्के, सरकारचा २० टक्के. एवढे प्रचंड कार्य एकट्या सरकारी तिजोरीतून होणे कठीण होते, हे मान्य केले पाहिजे. खाजगी भांडवलाच्या नावाने नुसती बोटे मोडणे हे काही धोरण नव्हे.

परंतु येथे एक पेच आहे. नफ्यातील भागीदार सरकार, पात्रतेचे नियम ठरविणारे सरकार, आणि त्या नियमांविरुद्ध दाद मागावयाची तीही प्रथम सरकारी यंत्रणेकडेच! पक्षकारानेच न्यायासनावर बसावे, असा हा प्रकार आम्हांस चिंताजनक वाटतो.

नियम पाहा. १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्यास धारावीतच ३५० चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळावयाचे आहे. त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्यास अडीच लाख रुपयांत ३०० चौरस फुटांचे घर, पण धारावीबाहेर. माळ्यावर राहणाऱ्यास भाडे-खरेदी तत्त्वावर घर, तेही बाहेरच.

कागदावर ही वाटणी नीटस दिसते. धारावीत मात्र घर आणि कारखाना यांची दारे अनेकदा एकच असतात. खाली चामडे कापले जाते, वर कारागीर झोपतो. कुंभारवाड्यात घरापुढे चाक फिरते आणि अंगणात भट्टी पेटते. नगररचनाकार ज्या 'मिश्र वापरा'चा आज गौरव करतात, तो येथे गरजेतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माळ्यावरचा कारागीर दूर उपनगरात गेला, तर त्याला पक्के छप्पर लाभेल. त्याची रोजी मात्र प्रवासातच खर्ची पडेल, आणि खालचा कारखानाही कामकऱ्यावाचून ओस पडेल.

म्हणून सरकारने दोन गोष्टी विनाविलंब कराव्यात. पात्रतेवरील हरकतींची सुनावणी प्रकल्पाशी संबंध नसलेल्या निवृत्त न्यायाधीशांकडे सोपवावी. आणि ज्याची उपजीविका धारावीत असल्याचे सिद्ध होईल त्यास, तो कोणत्याही मजल्यावर राहत असो, कामावर पायी जाता येईल एवढ्या अंतरात घर द्यावे. त्यामुळे नफा थोडा घटेल, हे उघड आहे. पण वीस टक्क्यांचा भागीदार होण्यापूर्वी सरकार या शहरातील सर्व नागरिकांचे विश्वस्त होते, आणि ते नाते कोणत्याही करारनाम्याने संपत नाही.