ॲल्विनच्या खेपा

२३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ नावाच्या यानातून मारियाना गर्तेच्या तळाशी टेकले. खोली सुमारे १०,९०० मीटर. जेमतेम वीस मिनिटं ते तिथे होते. यान टेकताच गाळाचा लोट उठला, खिडकीबाहेर सगळं गढूळ झालं आणि तळाचं धड छायाचित्रही मिळालं नाही. विक्रम मात्र झाला. त्यानंतर तिथे पुन्हा माणूस पोहोचायला बावन्न वर्षं लागली.

त्रिएस्तनंतर चार वर्षांनी, ५ जून १९६४ रोजी, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यावरच्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेत एक बुटकी, गुबगुबीत पाणबुडी दाखल झाली. तिला फार तर १,८०० मीटर खोल जाता येत होतं. ती आजही पाण्यात उतरते आहे आणि पाच हजारांहून अधिक खेपा तिच्या नावावर आहेत. समुद्राच्या तळाबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातला फार मोठा वाटा या खेपांचा आहे. एकदाच जाऊन आलेल्या धाडसापेक्षा पुन्हा पुन्हा जाणाऱ्या यंत्राचं मोल मला कितीतरी अधिक वाटतं.

तिचं नाव ॲल्विन. माणसाने स्वतः खाली जाऊन समुद्र पाहिला पाहिजे, असा आग्रह धरणारे वुड्स होलचे शास्त्रज्ञ ॲलिन वाइन यांच्या नावावरून ते पडलं. तिचा आराखडा हॅरल्ड फ्रोलिक यांनी केला, तोही पीठ आणि न्याहारीचे पदार्थ विकणाऱ्या जनरल मिल्स कंपनीच्या यंत्रविभागात. मालकी अमेरिकी नौदलाची, चालवणारी मंडळी वुड्स होलची. तिला वाहून नेणारं पहिलं जहाज म्हणजे नौदलाचे दोन जुने तराफे जोडून केलेलं ‘लुलू’. वाइन यांच्या आईचं हे नाव.

तिची रचना समजायला सोपी आहे. पोटात सुमारे दोन मीटर व्यासाचा धातूचा गोल, त्यात एक चालक आणि दोन निरीक्षक. गोलाचा आकार यासाठी, की चारही बाजूंचा दाब त्यावर सारखा वाटला जातो. आज तिच्या आवाक्यात असलेल्या साडेसहा हजार मीटर खोलीवर बोटाच्या नखाएवढ्या जागेवर सहाशे किलोंहून अधिक भार येतो. गोलाभोवती खास फेस बसवलेला असतो. राळेत काचेचे अगदी बारीक पोकळ मणी मिसळून तो बनवतात, म्हणजे तो दाबाने चेपत नाही आणि पाणबुडीला तरंगतं ठेवतो. खाली जाताना लोखंडी वजनं लावायची आणि सरळ पडू द्यायचं. तळ जवळ आला की काही वजनं सोडून तोल साधायचा, काम संपलं की उरलेली सोडून वर यायचं. समजा सगळी वीज गेली, तरी वर येण्याचा मार्ग असावा, हा विचार त्यामागे आहे.

खेप साधारण आठ-दहा तासांची. उतरतानाच दोन तास आणि अधिक जातात. काहीशे मीटरवर सूर्यप्रकाश संपतो. दिवे बंद असतील तर खिडकीबाहेर जीवांचे निळसर स्फुल्लिंग पेटताना-विझताना दिसतात. गोलात हीटर नसतो, म्हणून लोकरीचे कपडे. शौचालयही नाही. पाय आखडून, खिडकीला डोळा लावून बसायचं आणि दिसेल ते टिपून घ्यायचं. पुढे दोन यांत्रिक हात असतात आणि नमुने ठेवायला टोपली.

पहिली प्रसिद्धी मिळाली ती १९६६ मध्ये. स्पेनच्या पालोमारेस गावाजवळ अमेरिकेची दोन विमानं आकाशात आदळली होती आणि चार हायड्रोजन बॉम्बपैकी एक समुद्रात गेला होता. तो ॲल्विनने शोधला. पण मला १९६८ चा अपघात अधिक महत्त्वाचा वाटतो. १६ ऑक्टोबरला पाण्यात सोडताना तारा तुटल्या. झाकण उघडं होतं. आतले तिघे कसेबसे बाहेर पडले आणि पाणबुडी सुमारे १,५०० मीटर खोल गेली. दहा-अकरा महिन्यांनी वर काढली तेव्हा दुपारच्या जेवणाचा डबाही सापडला. सँडविच भिजले होते, पण नासले नव्हते. सफरचंदं जवळजवळ ताजी. वुड्स होलचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होल्गर यानाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट सोडून दिली नाही. थंड, प्रचंड दाबाच्या पाण्यात जीवाणूंचं काम किती मंदावतं, याच्या प्रयोगांची एक मालिकाच त्या डब्यातून सुरू झाली.

१९७३ मध्ये पोलादी गोल काढून टायटॅनियमचा बसवला आणि पल्ला ३,६०० मीटरवर गेला. १९७७ साली गालापागोस बेटांजवळच्या भेगेवर भूवैज्ञानिकांची तुकडी गरम पाण्याचे झरे शोधायला गेली. असे झरे असावेत, हा अंदाज होता. पाहिलेले कोणी नव्हते. आधी ओढत नेलेल्या कॅमेऱ्याने एका ठिकाणी तापमान किंचित वाढल्याची नोंद दिली आणि त्याच जागी काही चित्रांत शिंपलेच शिंपले दिसले. मग ॲल्विन उतरली. अडीच किलोमीटर खोल, ठार काळोखात, कोमट पाण्याभोवती जीवांची गर्दी: मोठाले शिंपले, खेकडे, आणि लालभडक तुरे असलेले पांढरे नळीकृमी. जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता. नमुने टिकवायला पुरेसं रसायनही नव्हतं, म्हणून काही नमुने पनामात घेतलेल्या रशियन व्होडकात ठेवावे लागले.

या झऱ्यांतल्या हायड्रोजन सल्फाइडवर जीवाणू जगतात आणि जीवाणूंवर बाकी सगळी वस्ती. नळीकृमीला तर तोंड नाही, आतडं नाही. तो शरीरातले जीवाणू पोसतो आणि ते त्याला. सूर्याच्या उजेडावाचून उभी राहिलेली अन्नसाखळी माणसाने प्रथम पाहिली ती अशी, दुसरंच काही शोधत असताना. दोन वर्षांनी मेक्सिकोच्या समुद्रात काळा धूर ओकणारी धुराडी सापडली, आणि तिथलं पाणी मोजायला नेलेल्या तापमापकाचं टोकच वितळलं. पाणी साडेतीनशे अंशांहून अधिक तापलेलं होतं.

पुढे जीवशास्त्रज्ञ सिंडी ली व्हॅन डोव्हर यांना अशाच झऱ्यांवरच्या कोळंबीने पछाडलं. तिला नेहमीचे डोळे नाहीत, पण पाठीवर दोन चकाकते पट्टे आहेत. ते प्रकाश टिपणारे अवयव निघाले. मग काळोखात पाहण्यासारखं असतं तरी काय? १९८८ मध्ये ॲल्विनचे दिवे मालवून संवेदनशील कॅमेऱ्याने झऱ्याचं चित्र घेतलं, तेव्हा माणसाच्या नजरेत न भरणारा मंद प्रकाश तिथे असल्याचं दिसलं. व्हॅन डोव्हर १९९० मध्ये ॲल्विनच्या पहिल्या महिला चालक झाल्या. चालक म्हणजे नुसती सुकाणू धरणारी व्यक्ती नव्हे. पाणबुडी खोलणं, दुरुस्त करणं आणि जोडणं हेही त्यांच्याच टोळीचं काम.

खेपांचं मोल सर्वांत स्पष्ट दिसलं १९९१ मध्ये. पूर्व प्रशांत कटकावर ॲल्विन पोहोचली तेव्हा लाव्हा नुकताच वाहून गेला होता आणि नळीकृमींची वस्ती भाजून निघाली होती. शास्त्रज्ञ तिथे परत परत गेले. दोन वर्षांच्या आत त्याच जागी दीड मीटर लांबीचे नवे नळीकृमी उभे होते. समुद्रतळावरचं जीवन सावकाश वाढतं, या समजुतीला त्याने तडा दिला.

समुद्रात बुडालेल्या पर्वतांची कथा याच्या अगदी उलट आहे. हे बहुतेक विझलेले ज्वालामुखी, तळापासून हजार मीटर किंवा अधिक उंच. वाहतं पाणी त्यांच्या उतारांना धडकून वर उसळतं, अन्नकण आणतं, आणि कठीण खडकावर प्रवाळ आणि स्पंज पाय रोवतात. हवाईजवळून ‘पायसीस’ पाणबुड्यांनी आणलेल्या काळ्या प्रवाळाचं वय चार हजार वर्षांहून अधिक निघालं. तळ खरवडत नेणारं ट्रॉलरचं जाळं असा प्रवाळ एका फेरीत मोडतं. तो आपल्या हयातीत परत येत नाही. यातलं बरंचसं आपण पाहण्याआधीच मोडत असू, ही गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. नकाशेही अपुरे आहेत. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेची अणुपाणबुडी ‘सॅन फ्रान्सिस्को’ गुआमजवळ नकाशात नसलेल्या अशाच एका डोंगरावर आदळली आणि एक नौसैनिक दगावला.

ॲल्विन २००३ मध्ये अटलांटिकमधल्या न्यू इंग्लंड पर्वतरांगेवर उतरली. प्रवाळ कुठे वाढतात, त्यांच्या फांद्यांवर कोण राहतं, हे तिथे जवळून पाहता आलं. त्या रांगेतल्या बेअर आणि आणखी तीन पर्वतांना २०१६ मध्ये संरक्षण मिळालं. २०२३ च्या एप्रिलमध्ये गालापागोसमध्येच, नकाशावर नसलेल्या एका बुडालेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर, चारशे ते सहाशे मीटर खोलीत अखंड, जिवंत प्रवाळभित्ती दिसली. या बेटांभोवती एवढं संशोधन झालेलं असूनही.

दूरनियंत्रित यानं स्वस्त पडतात आणि दिवसच्या दिवस खाली राहतात, हे खरं आहे. त्यांची गरज वादातीत आहे. तरीही खिडकीशी बसलेल्या माणसाची मान वळते, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरचं काही नजरेला पडतं, आणि तो चालकाला थांबायला सांगतो. म्हणून ॲल्विनवर खर्च होत राहिला. दर काही वर्षांनी ती पूर्ण उकलली जाते. १९६४ सालचं तिच्यात आता जवळपास काहीच उरलेलं नाही. २१ जुलै २०२२ रोजी ती पोर्तो रिकोजवळ ६,४५३ मीटरवर पोहोचली आणि समुद्रतळाचा सुमारे ९९ टक्के भाग तिच्या आवाक्यात आला.

आपल्याकडे चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य ६०००’ बांधते आहे: तिघांसाठी टायटॅनियमचा गोल, पल्ला सहा हजार मीटर. डिसेंबर २०२४ मध्ये याच संस्थेने वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्रासोबत हिंदी महासागरातल्या उष्ण झऱ्याची छायाचित्रं मिळवली, तीही चालकाविना चालणाऱ्या यानाने. पश्चिम किनाऱ्यापासून दूर, अरबी समुद्राखाली, रमण आणि पणिक्कर नावाचे दोन पर्वत उभे आहेत. एक चंद्रशेखर व्यंकट रमण यांच्या नावाचा, दुसरा गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक एन. के. पणिक्कर यांच्या नावाचा. मत्स्य सहा हजार मीटरवर टेकेल त्या दिवशी टाळ्या वाजतीलच. मी वाट पाहतो आहे ती त्यानंतरच्या वेळापत्रकाची: वर्षाला किती उतरणी, कोणतं जहाज, किती चालक, आणि या दोन पर्वतांवर पहिली खेप कधी.