होल्याचें दूध

गॅलरींतील कुंडींत होल्यांच्या जोडीनें रचलेल्या चार काड्या व त्यांवरील दोन पांढरीं अंडीं आपण पाहिलीं असतील. होला दाणे टिपणारा. पण तान्ह्या पिलाला दाणा कसा पचावा? चिमणी पिलांसाठीं किडे-अळ्या शोधते. होल्याचें तसें नाहीं. नर व मादी या दोघांच्याही गळ्यांतील अन्नपिशवीच्या अस्तरापासून दह्यासारखा घट्ट, प्रथिनें व स्निग्धांश यांनीं भरलेला पदार्थ तयार होतो. पिलूं त्यांच्या चोचींत चोच घालून तो पितें. कांहीं दिवसांनीं त्यांत भिजलेले दाणे मिसळूं लागतात. ज्या प्रोलॅक्टिनमुळें हें दूध येतें, तेंच मानवी मातेच्या दुधासही कारण होतें. म्हणून पिलें उडेपर्यंत घरटें हलवूं नये. आईबाप दुरावले, तर हें दूध दुसरीकडून आणतां येणार नाहीं.