परतीची वाट आधी तपासा



गटाचे पैसे भरायला बँकेत जावं आणि खिडकीतून उत्तर यावं, "ताई, सिस्टिम बंद आहे, उद्या या." आपली फेरी वाया जाते, दिवसाची मजुरी बुडते. ही सिस्टिम सांभाळणारी माणसं नेमकं काय करतात, ते आज समजून घेऊ.

जगातल्या अनेक मोठ्या बँकांचे हिशेब मेनफ्रेम नावाच्या संगणकावर चालतात. तो असतो कपाटाएवढा, पण लाखो खात्यांचे व्यवहार एकटा पेलतो. आयबीएम कंपनीने १९६४ साली सिस्टिम ३६० नावाची संगणकांची मालिका जाहीर केली. आजचे तिचे मेनफ्रेम त्याच घराण्यातले.

आता लग्नघरचा स्वयंपाक आठवा. चुली अनेक, हात अनेक. कोणती चूल कोणाला, आधी काय शिजवायचं, हे सांगणारी एक जाणती बाई लागते. संगणकात हे काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. पण तिला नियम आधी माणसानेच लिहून द्यावे लागतात. खिडकीवर कोणी पैसे काढत असेल तर ते काम आधी. महिन्याचा अहवाल थोडा थांबला तरी चालेल. कोणत्या कामाला किती जागा, कोणाला कुठे प्रवेश, हेही ठरवून द्यावं लागतं.

एकाच मेनफ्रेमचे आतून अनेक भाग पाडता येतात. जसं एका घरात भावाभावांच्या वेगळ्या चुली. एका भागात बँकेचा रोजचा कारभार चालतो, तर दुसऱ्या भागात नवे बदल करून पाहतात. तिथे काही बिघडलं तरी खातेदारांना झळ लागत नाही.

रात्री मोठं काम असतं. दिवसभराच्या नोंदी खात्यांवर चढवायच्या, व्याज लावायचं, हप्ते वळते करायचे. हे सगळं ठरलेल्या क्रमाने. दळण झाल्याशिवाय पीठ मळता येत नाही, पीठ मळल्याशिवाय भाकरी नाही, तसंच. हा क्रम लावून देणारा एक वेगळा प्रोग्रामच असतो.

आता एक खरी घडलेली गोष्ट ऐका. ब्रिटनमध्ये आरबीएस नावाचा मोठा बँकसमूह होता. जून २०१२ मध्ये तिथल्या लोकांनी हा क्रम लावणारा प्रोग्राम बदलून त्याची नवी आवृत्ती बसवली. गडबड दिसू लागली, म्हणून नवी काढून जुनी परत आणायचं ठरवलं. इथेच घात झाला. नवीचं आणि जुनीचं जुळत नव्हतं, आणि मागे फिरलं तर काय होईल हे कोणी आधी तपासलंच नव्हतं. रात्रीच्या कामांचा क्रम कोलमडला. आदल्या रात्रीचं काम उरलेलं, त्यावर दुसऱ्या दिवसाचं येऊन पडलं.

६५ लाखांहून जास्त खातेदारांना त्याचा फटका बसला. शिल्लक चुकीची दिसू लागली. घराच्या कर्जाचे हप्ते वेळेवर भरता येईनात. परदेशी गेलेल्या काहींच्या हातात रोकड राहिली नाही. काही संस्थांना कामगारांचे पगार देता आले नाहीत. आयर्लंडमधल्या त्यांच्या अल्स्टर बँकेचा कारभार तर जुलै उजाडला तरी सुरळीत झाला नव्हता. २०१४ साली नियामक संस्थांनी या समूहाला एकूण ५ कोटी ६० लाख पौंड दंड केला.

मैत्रिणींनो, बदल केला ही त्यांची चूक नव्हती. बदल करावेच लागतात. चूक ही, की परतीची वाट तपासली नाही. जाणते लोक चालू सिस्टिमची दुसरी प्रत बनवतात, बदल त्या प्रतीवर करतात आणि मूळ प्रत जपून ठेवतात. शिवाय नव्यावरून जुन्यावर परत येता येतं का, याचीही आधी तालीम करतात.

आपल्या बँकेत मेनफ्रेम असेलच असं नाही. पण हा नियम आपल्या गटालाही लागू आहे. वही सोडून हिशेब मोबाइलवर घ्यायचा आहे? जरूर घ्या. पण दोन-तीन महिने वही आणि मोबाइल दोन्ही चालू ठेवा. दर बैठकीला दोन्हीकडची बेरीज ताडून पाहा. मोबाइल हरवला असं समजून एकदा वहीवरूनच सगळा हिशेब लावून बघा. बँकेची पावती जपून ठेवा, पासबुक दर महिन्याला भरून घ्या. बँकेच्या संगणकात उद्या काही घोळ झालाच, तर आपल्या हातातला तोच पुरावा.

आणि पुन्हा कधी "सिस्टिम बंद आहे" असं ऐकलंत, तर रिकाम्या हाताने परतू नका. "कधी सुरू होईल? आज आमच्या हप्त्याची शेवटची तारीख आहे, उशीर झाला तर त्याचं काय?" असं नक्की विचारा. तो आपला हक्क आहे.