मेंदूच्या फोटोत मनाचा आजार दिसतो का?

"डॉक्टर, एकदा मेंदूचा एमआरआय काढून घेऊ या का?" मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात हा प्रश्न हमखास विचारला जातो. वाशी, नेरूळपासून पनवेलपर्यंत आता तपासणी केंद्रे हाताशी आहेत. मोडलेले हाड एक्स-रेमध्ये दिसते, तर मग नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया मेंदूच्या फोटोत का दिसू नये, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु केवळ स्कॅन पाहून या आजारांचे निदान करणे आजतरी शक्य नाही.

याचे कारण समजण्यासाठी वाशीच्या घाऊक बाजारातला वजनकाटा डोळ्यांपुढे आणा. कांद्याची एकच गोणी सकाळी ५० किलो आणि दुपारी ३८ किलो भरली, तर व्यापारी त्या काट्यावर व्यवहार करील का? तीच वस्तू पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर मिळणे, ही कोणत्याही मोजमापाची पहिली कसोटी.

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. मेंदूच्या भागांच्या आकारमानासारखी मापे या कसोटीला बऱ्यापैकी उतरतात. मानसिक आजारांच्या संशोधनात मात्र 'फंक्शनल एमआरआय' फार वापरला जातो. एखादे काम करताना मेंदूच्या कोणत्या भागातील रक्तात प्राणवायूचे प्रमाण बदलते, ते हे तंत्र टिपते. म्हणजे पेशींचे काम थेट न मोजता रक्तावरून अंदाज बांधला जातो. डोके जरासे हलले, झोप कमी झाली, आधी चहा-कॉफी घेतली किंवा यंत्र बदलले, तरी आकडे बदलू शकतात.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली अशा ९० प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. शून्य ते एक या मापावर पुनर्मोजणीतील सातत्य सरासरी सुमारे ०.४० एवढेच निघाले. एका व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्यास ते अपुरे आहे. २०२२ साली सुमारे ५० हजार व्यक्तींच्या माहितीवरून असे दिसले, की मेंदूची रचना वा कार्य आणि वागणूक यांचा खात्रीलायक संबंध शोधण्यास हजारो माणसे तपासावी लागतात. प्रत्यक्षात अनेक अभ्यास पंचवीस-तीस जणांवरच झालेले असतात.

मग 'नैराश्यात मेंदूचा अमुक भाग लहान होतो' या बातम्या खोट्या का? तसे नाही. त्या गटाच्या सरासरीबद्दल असतात. पुरुषांची सरासरी उंची स्त्रियांपेक्षा जास्त असते. पण नुसती 'पाच फूट चार इंच' ही उंची ऐकून ती व्यक्ती पुरुष की स्त्री, हे सांगता येईल का?

मापाची पारख न करता त्यावर विसंबण्याचा धोका आपल्याच राज्याने पाहिला आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात जन्मठेप देताना इतर पुराव्यांबरोबर मेंदूतील विद्युतलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. ही चाचणी स्कॅनची नसली, तरी प्रश्न तोच होता. त्याच वर्षी बंगळूरच्या 'निम्हान्स'च्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा चाचण्या अशास्त्रीय ठरवल्या. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या लहरींच्या चाचण्या करण्यास मनाई केली.

म्हणून स्कॅन निरुपयोगी मानू नये. उतारवयात अचानक वागणे बदलणे, फिट येणे, डोक्याला मार लागणे, हातापायातली ताकद जाणे, अशा वेळी गाठ, रक्तस्राव वगैरे नाही ना, हे पाहण्यासाठी डॉक्टर स्कॅन सांगतात. तो जरूर करावा.

खरा धोका पुढे असतो. 'रिपोर्ट नॉर्मल' आला, की "याला काहीच झालेले नाही, नाटके करतो" असे म्हणून औषधे बंद केली जातात. नॉर्मल रिपोर्टचा अर्थ मेंदूत गाठ वगैरे दिसली नाही, एवढाच. आजार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

मनाच्या आजाराचे निदान आजही सविस्तर बोलण्यातून, लक्षणांच्या नोंदीतून आणि घरच्यांनी दिलेल्या माहितीतूनच होते. झोप, भूक, कामातला रस यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ फरक पडला असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. आत्महत्येचे विचार असतील, तर एक दिवसही थांबू नये. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो, मराठीतही.